कथेंत गुंतलेला हात

कथा ऐकून डोळ्यांत पाणी यावें ही गोष्ट आमच्या घरांना नवी नाहीं. हरिदासबुवा उत्तररंगांत रंगले म्हणजे वडीलधारीं माणसें उपरण्याच्या टोकानें डोळे टिपीत आणि त्यांना कोणी हंसत नसे. उलट ज्याचे डोळे कोरडे राहत त्याच्याविषयींच मंडळींना थोडी शंका येई. १९१९ सालीं गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें, बालगंधर्वांची सिंधु पाहून प्रेक्षागृहें रडलीं, आणि त्या रडण्याला आपण रसिकता असें नांव दिलें. आतां प्रश्न असा आहे कीं, घरांतला नववींतला मुलगा पडद्यावरचा व्हिडिओ गेम खेळतां खेळतां एकदम थांबला, हातांतलें यंत्र त्यानें खालीं ठेविलें आणि भिंतीकडे तोंड करून तो रडूं लागला, तर त्या रडण्याला कोणतें नांव द्यावें?

हा प्रश्न आम्हीं कल्पनेनें उभा केलेला नाहीं. सोलापुरांतल्याच एका एकत्र कुटुंबांतील आजीबाईंनीं तो आम्हांला पत्रानें विचारला आहे. खेळांतला मोठा भाऊ मेला म्हणून त्यांचा नातू त्या रात्रीं जेवावयास उठला नाहीं. काका हंसले, चुलत भावंडांनीं चिडविलें, वडिलांनीं रागावून तें यंत्र कपाटांत घालून कुलूप लाविलें. आजीबाई लिहितात, ‘मुलगा रडला याचें मला भय वाटलें नाहीं. त्या दिवसापासून तो घरांत कोणाला कांहीं सांगेनासा झाला, याचें वाटतें.’ वरवर पाहतां प्रश्न एका खेळाचा दिसतो. वस्तुतः तो घराचा आहे, आणि म्हणून या महिन्याचें पान आम्ही त्यालाच देत आहों.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. ‘गेम’ या एका शब्दाखालीं आपण तीन निरनिराळ्या वस्तु कोंबल्या आहेत. पहिली वस्तु म्हणजे पैसे लावून खेळावयाचे खेळ. त्यांत बुद्धीचा भाग किती आणि दैवाचा किती हा वाद बाजूस ठेवून केंद्र सरकारनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें अशा ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला, हें वाचकांना स्मरत असेलच. दुसरी वस्तु म्हणजे चढाओढीचे खेळ. शंभर जण एका मैदानांत उतरतात आणि एकमेकांना मारून जो उरेल तो जिंकतो. २०२० च्या सप्टेंबरांत सरकारनें बंद केलेला पबजी हा त्या जातीचा. अशा खेळांत डाव असतो, कथा नसते. एक डाव संपला कीं दुसरा तेथूनच सुरू. तिसरी वस्तु म्हणजे कथाप्रधान खेळ. यांना नायक असतो, संकट असतें, मध्य असतो आणि अंत असतो. कादंबरी मिटावी तसे ते एके दिवशीं संपतात. आजीबाईंचा नातू रडला तो या तिसऱ्या जातीच्या खेळानें. पहिल्या दोहोंवरचा राग तिसऱ्यावर काढणें म्हणजे पत्त्यांवरच्या रागानें पुस्तकें जाळणें होय.

तो खेळ कोणता हेंहि आजीबाईंनीं कळविलें आहे. त्याचें नांव ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’. स्वीडन देशांत तयार होऊन तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा दिग्दर्शक योसेफ फारेस हा मूळचा चित्रपटांतला. कथा अगदीं साधी, एखाद्या लोककथेसारखी. बाप मरणपंथाला लागला आहे. जीवनवृक्षाचें पाणी आणलें तर तो वांचेल. म्हणून दोन भाऊ प्रवासाला निघतात. पात्रें जी भाषा बोलतात ती कोणत्याच देशाची नव्हे. ती खेळापुरती बनविलेली आहे. म्हणजे शब्दांचें साहाय्य जवळजवळ नाहींच. मग कथा सांगतो कोण? तर खेळणाराचे हात. हातांतल्या यंत्राला दोन अंगठ्यांसाठीं दोन लहान दांड्या असतात. डावी दांडी थोरल्या भावाची, उजवी धाकट्याची. दोघांनाहि एकाच वेळीं चालवावयाचें. आरंभीं हात गोंधळतात. पण कांहीं वेळानें डावा हात थोरला होतो, उजवा धाकटा होतो, आणि असें झालें आहे याची खेळणाराला जाणीवहि राहत नाहीं.

धाकट्याची आई पूर्वीं पाण्यांत बुडून गेलेली, आणि तेव्हां त्याला तिला वांचवितां आलेलें नाहीं. त्यामुळें पाण्याचें त्याला भय. वाटेंत पाणी आलें कीं तो थोरल्याच्या पाठीला बिलगतो आणि थोरला त्याला पार नेतो. शेवटाकडे थोरला मरतो. त्याला पुरण्याचें काम धाकट्याकडे येतें, आणि तें पडद्यावर आपोआप घडून जात नाहीं; भावाचा देह खड्ड्यापर्यंत ओढून नेणें, वर माती लोटणें, हें सारें खेळणाराला स्वतः करावें लागतें. उजवा हात राबत असतो. डावा रिकामा असतो. मग वडिलांसाठीं पाणी घेऊन धाकटा एकटा परत येतो, तों घराच्या अलीकडे पाणीच पाणी. तो पुढें पाऊल टाकीत नाहीं. उजव्या हातानें कितीहि प्रयत्न केला तरी तो कांठावरच अडून राहतो. अखेर खेळणाराचें बोट डाव्या बाजूला, मेलेल्या भावाच्या बटणाकडे जातें. तें तो दाबतो, आणि धाकटा पोहूं लागतो.

एवढेंच. भाऊ गेला पण त्याचें बळ धाकट्यांत उतरलें, ही गोष्ट खेळणाराला कोणी सांगितली नाहीं; ती त्याच्या बोटाला कळली. कादंबरीकाराला यासाठीं एक पान लिहावें लागलें असतें, नटाला मुद्राभिनय करावा लागला असता. येथें इतका वेळ ज्याचें काम चालू होतें तो हात एकदम निकामी होतो, आणि त्या निकामेपणांतच शोक आहे. घरांत दोन माणसांची कामें वर्षानुवर्षें जोडीनें चाललेलीं असावींत आणि त्यांतलें एक माणूस जावें, म्हणजे उरलेल्याचा हात संवयीनें कोठें कोठें जातो, हें आमच्या वयाच्या वाचकांना सांगावयास नको. नववींतल्या मुलाला तें प्रथम या खेळानें कळलें. येथें त्याला रडूं आलें यांत आम्हांला कांहीं विपरीत दिसत नाहीं.

आतां आमच्या शास्त्रीमंडळींचा एक आक्षेप आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ते म्हणतात, रसास्वाद हा प्रेक्षकाचा अधिकार आहे, लढणाराचा नव्हे. सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं काश्मीरांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांनीं भरताच्या नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका लिहिली. तींत रसाच्या आड येणारीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांतलें एक असें कीं, समोरचें सुखदुःख हें माझें किंवा अमक्याचें अशा हिशेबानें प्रेक्षकानें धरून बसणें. दुसरें असें कीं, तो आपल्याच सुखदुःखांत इतका बुडालेला असणें कीं कथेला त्याच्या मनांत जागाच नसावी. भट्टनायकांनीं ज्याला साधारणीकरण म्हटलें तें याच्या उलट आहे. सीतेचा शोक तेथें केवळ सीतेचा राहत नाहीं आणि माझा खासगीहि होत नाहीं. तो सर्वांचा होतो, म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो. व्हिडिओ गेममध्यें तर हीं दोन्ही विघ्नें दाराशींच उभीं. पडण्याची धास्ती, जिंकण्याची हांव, हरलों तर पुन्हां मागून आरंभ करण्याची चीड. जो स्वतःच झुंजतो आहे त्याला रस कोठला?

पुष्कळ खेळांना हा आक्षेप बरोबर लागू पडतो. कथा शोकाची आणि हाताला काम मात्र दिसेल त्याला मारून गुण मिळविण्याचें, अशी रचना असली म्हणजे कथा एकीकडे ओढते आणि हात दुसरीकडे; रस मध्येंच फाटतो. परंतु हात गुंतला म्हणजे रस गेलाच, हा सिद्धांत मात्र आम्हांला मान्य नाहीं. आणि त्याचें उत्तर शोधण्यास सोलापूरकराला गांवाबाहेर जावें लागत नाहीं.

संक्रांतीच्या सुमारास भरणारी श्रीसिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, डोळ्यांपुढें आणावा. बाराव्या शतकांतल्या सिद्धरामेश्वरांशीं विवाह करण्याचा ध्यास एका कुंभारकन्येनें घेतला. योगी पुरुषाला तें शक्य नसल्यामुळें त्यांनीं आपल्या योगदंडाशीं विवाह करण्याची अनुज्ञा तिला दिली, अशी कथा आहे. त्या विवाहासाठीं सात नंदीध्वज मिरवत निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते, आणि संमतीकट्ट्याजवळ अक्षतांचा सोहळा होतो. या कथेचा शेवट गांवांतल्या पोरालाहि ठाऊक आहे. लग्न केव्हांच लागून गेलेलें आहे. तरीहि संमतीचें वाचन होऊन ठरलेला शब्द कानीं पडतांच हजारों हात एकदम वर जातात आणि अक्षतांची वृष्टि होते, त्या क्षणीं तेथें कोणीहि नुसता प्रेक्षक राहत नाहीं. प्रत्येक जण वऱ्हाडी होतो. गच्चीवरून पाहणारापेक्षां खालीं उभें राहून अक्षता टाकणाराचा कंठ अधिक दाटतो, हा अनुभव ज्यानें त्यानें आठवून पाहावा.

याचें कारण काय? हात तर तेथेंहि गुंतलेला आहे. पण त्या हाताला जिंकावयाचें कांहीं नाहीं आणि हरावयाचेंहि कांहीं नाहीं; त्याला दिलेलें काम कथेचेंच काम आहे. अशी कृति साधारणीकरणाच्या आड येत नाहीं. ती त्याचें साधन बनते. तेव्हां खेळणारा बसून पाहतो कीं उठून करतो याला आम्ही महत्त्व देत नाहीं. त्याचा हात कथेचें काम करतो कीं स्वतःचें, हें पाहावयाचें; कथाप्रधान खेळाची आमची कसोटी हीच.

या कसोटीला उतरणारें आणखी एक उदाहरण सांगतों. २०१६ सालीं अमेरिकेंतल्या रायन आणि एमी ग्रीन या दांपत्यानें ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. कर्करोगानें गेलेल्या आपल्या लहान मुलाच्या, जोएलच्या, आजारपणावर तो रचलेला आहे. त्यांत रुग्णालयांतला एक प्रसंग आहे. मूल रडत असतें, आणि खेळणारानें कांहींहि केलें तरी तें शांत होत नाहीं. येथें हाताला काम आहे, पण यश नाहीं. जिंकण्याची हांव सुटल्यावर जें उरतें तें त्या आईबापांचें दुःख, आणि तें ओळखण्यास ग्रीन कुटुंबाची ओळख असावी लागत नाहीं.

परदेशचीं उदाहरणें येथें पुरेत. आपल्या महाराष्ट्रांतहि हा प्रयत्न झाला आहे, आणि त्याचे गुणदोष दोन्ही शिकण्यासारखे आहेत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या मंडळीनें ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ रचला. २०१७ सालीं लोकांकडून वर्गणी मिळवून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला; तरी काम न सोडतां त्यांनीं २०२० सालीं खेळ पुरा केला, आणि त्याच वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट कृतींमध्यें त्याला नामांकन मिळालें. कथा बहीणभावाची आहे. राजी ही कसरतीचे खेळ करणारी पोर; राक्षस तिच्या गोलू नांवाच्या लहान भावाला पळवितात; दुर्गेनें दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधाला निघते, आणि अंतीं महाबलासुराशीं तिची गांठ पडते. दुर्गा आणि विष्णु हे दोघे वरून पाहत तिची कथा आपसांत बोलतात. म्हणजे सूत्रधाराचें काम साक्षात् देवांकडे. कथेचे मधले दुवे छायाबाहुल्यांच्या धर्तीच्या चित्रांनीं जोडलेले आहेत.

हें वाचून कोंकणांतल्या वाचकांना कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण होईल. तेथील ठाकर मंडळी पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सांगत आलीं आहेत. एकेका आख्यानाच्या चित्रांची एकेक पोथी असते. कथेकरी एक चित्र पुढें धरतो, वाद्यांच्या साथीनें त्यावरची कथा गातो, मग पुढचें चित्र काढतो. चामड्याच्या छायाबाहुल्याहि हीच मंडळी नाचवितात. या कलेच्या सेवेबद्दल तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. चित्रकथींतलें चित्र हालत नाहीं. कथेकऱ्याचा स्वर तेवढा हालतो, आणि त्यामुळेंच श्रोत्याच्या मनाला हालावयास जागा मिळते. ‘राजी’ मध्यें हीच रीति दिसते. लढतां लढतां राजी एका भिंतीपाशीं येते. भिंतीवर पुराणांतले प्रसंग चितारलेले असतात. ती जवळ उभी राहिली कीं देव त्या चित्राची कथा सांगूं लागतात. हाताला विसावा मिळतो, मनाला काम मिळतें. नाटकांत गीत आणि वाद्य कशासाठीं, तर प्रेक्षकाचें स्वतःचें सुखदुःख थोडा वेळ बाजूस सरावें म्हणून, असें अभिनवगुप्तांनीं म्हटलें आहे. त्या भिंती या खेळांत तेंच काम करतात.

दोषहि सांगितले पाहिजेत. दोन भिंतींमध्यें ज्या लढाया आहेत त्या लांबल्या कीं उडी केव्हां मारावी आणि वार कोठें करावा एवढ्याच गोष्टी डोक्यांत उरतात, आणि ज्याच्यासाठीं लढावयाचें तो गोलू विसरला जातो. मूळ आवृत्तींत देव इंग्रजी बोलतात. राजवाड्याच्या भिंतीवरचें पुराण इंग्रजींत ऐकतांना आमच्यासारख्याचा कान अडखळतो. आणि खेळाचा शेवट एकाएकीं येतो, अशी पुष्कळ जाणकारांची तक्रार आहे. नाट्यशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श हे चार संधि साधले, पण पांचवा निर्वहण संधि साधला नाहीं. इतके तास बहिणीचा हात होऊन लढणाराला शेवटीं भावाजवळ पुरेसें बसूं दिलें नाहीं, ही उणीव लहान नव्हे. तरी पुण्यांतल्या मूठभर माणसांनीं आपल्याकडची कथा आपल्याकडच्या रीतीनें सांगण्याचा हा मार्ग उघडला, याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

आतां पालकांच्या काळजीविषयीं. ती खोटी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या आणि २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या विकाराला स्थान दिलें आहे. त्याचीं लक्षणें तीन: खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व गोष्टींपेक्षां, नित्याच्या व्यवहारापेक्षांहि, खेळ वरचढ होणें, आणि हानि होत असूनहि खेळणें चालूच राहणें. सामान्यतः वर्षभर हीं लक्षणें दिसलीं तरच तो विकार म्हणावयाचा. कथेंतलें माणूस मेल्यावर रडणें हें यांतलें एकहि लक्षण नव्हे. रात्रीं जागरण, शाळा बुडविणें, जेवणाखाण्याची शुद्ध नसणें, हीं चिन्हें दिसलीं तर अवश्य वैद्याकडे जावें. एका संध्याकाळीं जेवण गेलें म्हणून नव्हे. त्याचप्रमाणें खेळ विकत घेतांना त्याच्यावरचा वयाचा अंक पाहावा. युरोपांत ३, ७, १२, १६ आणि १८ असे अंक छापण्याची पद्धति आहे, आणि कथा उत्तम असली म्हणून ती मुलांसाठीं असतेच असें नाहीं. ‘द लास्ट ऑफ अस’ हा २०१३ सालचा खेळ कथेसाठीं जगभर नांवाजला गेला. पण त्यावरचा अंक १८ आहे, तो उगीच नव्हे.

घरानें काय करावें याविषयीं आमचें मत थोडक्यांत सांगतों. आजीबाईंच्या नातवाचें यंत्र कुलपांतून काढावें, आणि त्याला वेळेचें बंधन घालावें. सरसकट बंदीपेक्षां बंधन पाळणें मुलाला अधिक शिकवितें. खेळण्याची जागा माजघरांत किंवा दिवाणखान्यांत असावी, बंद खोलींत नव्हे, म्हणजे येतांजातां मोठ्यांची नजर पडते आणि कथा त्यांच्याहि कानांवर जाते. वेळ संपली तरी प्रसंग पुरा होईपर्यंत चार मिनिटें थांबावें. कीर्तनांतून आपण कोणाला बखोट धरून उठवीत नाहीं. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, जेवणाच्या पंक्तींत त्याला कथा सांगावयास लावावी. ‘किती गुण मिळाले?’ असें न विचारतां ‘त्या धाकट्यानें पाणी कसें रे ओलांडलें?’ असें आजीनें विचारावें. मुलगा सांगूं लागेल. सांगतांना त्याला शब्द शोधावे लागतील. जें बोटाला कळलें होतें तें वाणीला कळेल. पडद्यावरची कथा एकट्याची असते. पंक्तींत सांगितली म्हणजे ती घराची होते.

जे काका हंसले त्यांच्याविषयीं एक शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. मुलग्यानें रडूं नये ही समजूत घराघरांत आहे, आणि तिचें मोल पुढें सुना-लेकींना द्यावें लागतें. कथेंतल्या परक्या भावासाठीं ज्याचें मन द्रवतें त्याचें घरांतल्या माणसासाठीं द्रवण्याची आशा तरी धरतां येते. तें द्रवलेलें मन एकदां चारचौघांत हंसण्याचा विषय झालें कीं मुलगा तें झांकावयास शिकतो. मग दहा वर्षांनीं ‘हा आमच्याशीं बोलत नाहीं’ म्हणून तक्रार करणारे आपणच असतों.

असो. ज्या वाचकांच्या घरीं मुलांनीं असे कथाप्रधान खेळ खेळले असतील त्यांनीं ती कथा मुलांच्याच तोंडून ऐकावी आणि तिचा सारांश आम्हांला अवश्य कळवावा. पत्रें मुलांनीं स्वतः मराठींत लिहिलेलीं असल्यास उत्तम. त्यांतील निवडक पत्रांचा विचार पुढील एखाद्या अंकांत याच पानावर करूं.